धुतलेलं चाक

अप्पांच्या सायकलचं मागचं चाक वाकडं होतं. सात रस्त्याकडून ते आपल्या दुकानाच्या बोळात वळायचे तेव्हा ते चाक दर फेऱ्याला ब्रेकच्या रबराला घासायचं. आधी खर्र, खर्र असा आवाज यायचा आणि मागून अप्पा यायचे. सोलापुरातल्या आम्हा हौशी शर्यतवाल्यांच्या गाड्यांची चाकं ज्या माणसाच्या हाताखालून गेल्याशिवाय मैदानात उतरत नसत, त्याच्या स्वतःच्या चाकाची ही तऱ्हा. मी एकदा न राहवून म्हणालो, "अप्पा, निदान आरे तरी आवळून घ्या." तर म्हणाले, "ती सायकल हाय. पडलो तर गुडघा फुटंल. गुडघ्यापायी एवढा येळ कोण घालवतंय?"

त्यांचं नाव इथे सांगत नाही. सांगूनही उपयोग नाही, कारण आमच्यापैकी कुणी ते कधी वापरलं नाही. दुकानाच्या पाटीवर त्यांच्या मुलीचं नाव होतं, तिचं लग्न होऊन ती विजापूरला गेली तरी पाटी तशीच होती. गोल टोपी, कपाळावर विभूती, पांढरा शर्ट, आणि त्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत टायरचा काळा पट्टा. चाक उचलताना ते छातीशी धरायचे, त्यामुळे शर्ट कितीही धुतला तरी पट्टा तिथेच असायचा. घरी कन्नड, बाहेर मराठी. काम मनासारखं झालं की "साकु" म्हणायचे. म्हणजे पुरे. त्यांच्या तोंडून साकु ऐकल्याशिवाय चाक उचलायला हात लावायचा नाही, हे आम्हाला ठाऊक होतं.

आम्ही शर्यतवाले म्हणजे कुणी मोठे लोक नव्हेत. माझं शाळेच्या गणवेशाचं दुकान आहे. जूनमध्ये जेवायला फुरसत नसते आणि पुढे दिवाळीपर्यंत माशा मारायच्या. आमच्यात एक दातांचे डॉक्टर आहेत, एक द्राक्षबागायतदार आहेत, आणखी चारदोन असेच. जुनी गाडी घ्यायची, मागची सीट काढून टाकायची, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा, हेल्मेट घालायचं आणि अक्कलकोट रस्त्याला एका पडीक रानात ट्रॅक्टरनं आखलेल्या वाटेवर एकेकट्यानं घड्याळाशी झगडायचं. माझी बायको याला शर्यत म्हणत नाही. कुणी विचारलं तर "रानात गेलेत" एवढंच सांगते, आणि ऐकणाऱ्याचा जो समज व्हायचा तो होतो. हंगामाची शेवटची फेरी मात्र डांबरावर असते. शहराबाहेर एक औद्योगिक वसाहत आहे, तिथे रस्ते आधी झाले आणि कारखाने आलेच नाहीत. रीतसर परवानगी काढून, रुग्णवाहिका उभी करून आम्ही तिथे एक दिवस पळवतो.

रानात चाक थोडं थरथरलं तरी चालतं, कारण तिथे सगळंच थरथरत असतं. डांबरावर तसं चालत नाही. टायर आणि रिम कितीही चांगली असली तरी चाकाच्या एखाद्या जागी वजन जरा जास्त असतंच. चाक सावकाश फिरतं तोवर ते कळत नाही. वेग वाढला की ती जागा ओढ घ्यायला लागते, स्टिअरिंग हातात नाचतं, आणि त्याच्याही पुढे गेलं तर गाडी आपलं ऐकेनाशी होते. त्या जड जागेच्या बरोबर समोर शिशाचा छोटा तुकडा चिकटवायचा आणि ओढ मारायची, याला बॅलन्सिंग म्हणतात. काम एवढंच. पण अप्पांच्या दुकानात ते करून घेणं म्हणजे सोवळ्यातल्या पूजेला बसण्यासारखं होतं.

पहिली गोष्ट म्हणजे फोन. दारातच बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात फोन टाकायचा आणि झाकण लावायचं. चाक फिरत असताना बोलायचं नाही, खोकायचं असेल तर बाहेर जाऊन खोकायचं. दातांच्या डॉक्टरांचा फोन एकदा डब्यातच वाजला. पत्र्यामुळे तो आवाज देवळातल्या घंटेएवढा झाला. अप्पांनी फिरतं चाक हातानं थांबवलं, उतरवलं आणि डॉक्टरांच्या पायाशी ठेवलं. "उद्या या," म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "अहो, पेशंटचा असेल." अप्पा म्हणाले, "मग पेशंटकडं जावा की. त्याचा दात दुखतोय, माजं डोस्कं दुखतंय." डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. आम्ही सगळेच अशी बोलणी खाऊन परत यायचो, आणि बाहेर पडल्यावर एकमेकांना हसायचो.

दुकानात मशीन होतं, आकडे दाखवणारं. पण अप्पा त्याच्या आकड्यांवर चादरीचा तुकडा टाकून ठेवायचे. आधी जुन्या पद्धतीनं, एका आडव्या दांड्यावर चाक मोकळं सोडून ते स्वतःच स्थिरावू द्यायचे. जड बाजू आपोआप खाली येते. तिच्यावर पिवळ्या खडूनं खूण करायची, समोर वजन लावायचं, पुन्हा फिरवायचं. समाधान झालं की चाक मशीनवर चढवायचं, फिरवायचं आणि मग नव्या नवरीचा पदर बाजूला करावा तशी ती चादर हळूच उचलायची. शून्य आलं तर आमच्याकडे बघायचे. दुसरं काही आलं तर म्हणायचे, "मशीनला ऊन लागलंय." मग आम्हाला चहा सांगायला टपरीवर पाठवायचे. परत येईपर्यंत वजन मशीननं सांगितलेल्या जागी गेलेलं असायचं. ते मशीनचं ऐकायचे, फक्त आमच्यादेखत नाही.

टायरची झीज बघून माणसाचं निदान करायची त्यांना भारी हौस. मला म्हणाले होते, "तुमी डावीकडं वळताना भिता." ते खरं होतं, अजून आहे, म्हणूनच मी चौथ्या नंबराच्या वर कधी आलो नाही. पण डॉक्टरांना म्हणाले, "घरात लई भांडणं हायत तुमच्या, ब्रेक उशिरा मारता." डॉक्टरांचं लग्नच झालेलं नाही. हे सांगितल्यावर अप्पा जराही न डगमगता म्हणाले, "म्हंजे होणार हायत." निम्मी निदानं अशीच असायची. तरी आम्ही दर खेपेला टायर पुढे करून उभे राहायचो.

दुपारी बारा ते चार शटर अर्ध्यावर. आत दोन टायर एकावर एक ठेवून त्यावर पोतं टाकून अप्पा झोपायचे. झोपेतून उठवणाऱ्याला ते शिव्या द्यायचे नाहीत, फक्त त्या दिवशी त्याचं काम सगळ्यात शेवटी घ्यायचे. जेवणाचा डबा टायरवरच उघडायचे. कडक भाकरी गुडघ्यावर आपटून मोडायची आणि शेंगाचटणीबरोबर खायची. एकदा त्या आवाजानं मी दचकलो, मला वाटलं रिमला तडा गेला.

आणि या माणसानं शर्यत कधीही पाहिली नव्हती. आम्ही कितीदा बोलावलं. गाडी पाठवतो म्हणालो, खुर्ची ठेवतो म्हणालो. "नगं," म्हणायचे, "पळवायचं काम तुमचं, भ्यायचं माजं. मी हितं बसून भितो की, तितं कशाला येऊ?" हे ते हसत म्हणायचे, पण खोटं नव्हतं. शर्यतीच्या रविवारी ते दुकान उघडत नसत आणि संध्याकाळपर्यंत जेवतही नसत, असं त्यांच्या बायकोनं मला एकदा सांगितलं. कुणीतरी फोन करून "सगळे घरी आले" म्हटलं की मग पान वाढून घ्यायचे.

त्यामागे एक घटना होती. माझ्या आधीच्या काळातली, पण ती आमच्यातल्या प्रत्येकाला अप्पांनीच पहिल्या भेटीत सांगितलेली. बार्शीचे एक डाळीचे व्यापारी तेव्हा जीप पळवायचे. रानातल्या फेरीनंतर त्यांनी चाकं तशीच आणून टाकली. आपल्याकडची काळी माती रिमच्या आतल्या बाजूला गेली आणि वाळली की दगड होते, आणि बाहेरून दिसतही नाही. अप्पांनी ती न बघता चाक बॅलन्स केलं. म्हणजे शिसं त्या मातीच्या ढेकळाला तोलण्यासाठी लागलं. डांबरावर वेग आला, ढेकूळ सुटून उडालं, आणि शिसं तेवढं राहिलं. स्टिअरिंग हातातून निसटलं. जीप नाल्यात गेली, त्या माणसाच्या खांद्याचं हाड मोडलं.

व्यापाऱ्यांना वाटत होतं की वळण आपलंच चुकलं. चाकावर त्यांचा संशयही नव्हता. अप्पा ते चाक घेऊन एसटीनं बार्शीला गेले. कंडक्टरनं चाकाचं तिकीट मागितलं तेही काढलं. व्यापाऱ्यांच्या ओसरीवर चाक ठेवून त्यांनी बोटानं दाखवलं, "हितं माती व्हती. मी बघितली न्हाय." व्यापारी भला माणूस. त्यांनी चहा पाजला आणि विसरून जा म्हणाले. पण त्यांच्या आईनं त्यांना शपथ घातली होती, त्यांनी पुन्हा गाडी पळवली नाही. ते अप्पांनी स्वतःच्या खात्यावर मांडून ठेवलं. आपल्या हातून गेलेल्या चाकावरून पुन्हा कुणी पडता कामा नये, याच्यापलीकडे त्यांना धंद्यात काही नको होतं. पंक्चर काढायची, साध्या गाड्यांची चाकं करायची, तेवढ्यावर त्यांचं घर चाललं असतं. आमची कामं ते या एका गोष्टीसाठी घेत होते असं मला वाटतं.

तेव्हापासूनचा नियम असा की शर्यतीचं चाक ज्याचं त्यानं, अप्पांच्या डोळ्यांदेखत, स्वतः धुवायचं. बादली, काथ्याचा ब्रश, आणि टायरच्या उतरंडीवर बसलेले अप्पा. "आत घ्या. आजून आत. ती कड र्‍हायली." मला घरी कधी भांडं विसळताना कुणी पाहिलेलं नाही, पण अप्पांच्या दारात उकिडवा बसून मी कितीतरी रिमा घासल्या आहेत. धुऊन झालं की ते सगळ्या कडेनं आतून हात फिरवायचे आणि मगच चाक दांड्यावर चढायचं. गाडीला लावताना नटही तेच आवळायचे. तो पाना दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेला मी पाहिला नव्हता.

आता मॅडमविषयी सांगायला हवं. मॅडम म्हणजे आमच्यातल्या एकमेव बाई आणि आमच्यातल्या सगळ्यात वेगवान. विणकरांच्या तेलुगू घरातल्या, वडिलांचे माग होते. त्या मोटार ड्रायव्हिंग शाळा चालवतात. आठवडाभर लग्न ठरलेल्या मुलींना आणि निवृत्त शिक्षिकांना शेजारी बसवून पार्क चौकातून वीसच्या वेगानं हिंडायचं, "क्लच सावकाश सोडा, घाबरू नका," म्हणायचं, आणि रविवारी रानात जाऊन आम्हा सगळ्यांना धूळ चारायची. अप्पा त्यांना अक्का म्हणायचे, त्या वयानं त्यांच्या मुलीएवढ्या असल्या तरी. डब्यात फोन टाकायला सांगावं न लागणाऱ्या त्या एकट्याच होत्या. त्यांच्या टायरचं मात्र अप्पांनी कधी निदान केलं नाही. आम्ही विचारलं तर म्हणाले, "त्येंचा टायर सगळीकडनं सारका झिजतो. काय सांगायचं त्यात?"

गेल्या वर्षापासून अप्पांचं काहीतरी सुटायला लागलं. एकदा माझ्याच एका चाकाला साकु म्हणून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा दांड्यावर चढवलं. एकदा चहा आला तेव्हा कुणी सांगितला म्हणून चिडले, सांगितला त्यांनीच होता. डॉक्टरांना त्यांनी विचारलं, "बायकू कशी हाय?" आम्ही हसलो. वय झालं, म्हणालो. पण अप्पा हसत नव्हते. रिमच्या आतून ते आता एकदा नव्हे, तीनतीनदा हात फिरवायचे, आणि मध्येच थांबून हाताकडे बघायचे. आमच्या आधी त्यांना कळलं होतं, हे आता लक्षात येतं. कुणाला सांगितलं असतं तर आम्ही चाकं आणणं बंद केलं असतं, हेही त्यांना कळत असणार.

या एप्रिलमध्ये डांबरावरची शेवटची फेरी होती. मॅडम हंगामात पुढे होत्या, ही एक फेरी नीट पार पडली की पहिल्या. आदल्या संध्याकाळी मी आणि त्या दोघंही अप्पांकडे होतो. मॅडमनी साडीचा पदर खोचून चारही चाकं धुतली. अप्पा नेहमीच्या जागेवर बसून सांगत होते. पुढच्या डाव्या चाकात खूप माती निघाली, बादलीचं पाणी काळं झालं, अप्पा म्हणाले, "अक्का, शेत घिऊन आलाय की." मग दांडा, खडू, मशीन, शून्य, साकु. नट आवळून झाले. आम्ही चहा पिऊन घरी गेलो.

रविवारी सकाळी मॅडमची गाडी चुन्याच्या रेघेवर उभी होती. झेंडा द्राक्षबागायतदारांच्या हातात होता. एवढ्यात रस्त्याच्या कडेला एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून अप्पा उतरले. टोपी नव्हती. आम्हाला आधी आनंदच झाला, अप्पा शेवटी आले म्हणून डॉक्टर खुर्ची आणायला धावले. अप्पा दोरीखालून वाकून आत आले, सरळ गाडीसमोर गेले आणि दोन्ही तळवे बॉनेटवर ठेवून उभे राहिले.

"इंजिन बंद कर अक्का," म्हणाले, "ह्या डाव्या चाकात माती हाय. धुतलंच न्हाय काल."

मॅडमनी इंजिन बंद केलं आणि काच खाली घेतली. "धुतलं की अप्पा. तुमच्यासमोरच धुतलं."

"ते मागल्या खेपंला. काल न्हाय. सकाळी बघितलं तर ब्रश कोरडा."

सोलापुरात एप्रिलमध्ये ओला ब्रश तासाभरात वाळतो. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी पुढे झालो आणि म्हणालो, "अप्पा, मी होतो ना काल. मी पाहिलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, आठवायचा प्रयत्न करत. "तुमी कवा आलावता?" म्हणाले.

मी काल त्यांच्याच पेल्यातून चहा प्यालो होतो.

बागायतदार अस्वस्थ झाले. नाव पुकारल्यावर गाडी हलली नाही तर ती फेरी बाद, हा नियम आम्हीच केलेला, आणि मागच्या वर्षी याच नियमानं डॉक्टरांना बाहेर काढलं होतं. त्यांनी हळू आवाजात मॅडमना तसं सांगितलं. कुणीतरी अप्पांना खांद्याला धरून बाजूला न्यायला लागलं तर अप्पा त्या डाव्या चाकासमोर डांबरावर मांडी घालून बसले. "माज्या अंगावरनं न्या," म्हणाले. या माणसाला मी इतका भ्यालेला कधी पाहिला नव्हता आणि तेव्हा मला त्यांची खरोखर दया आली.

मॅडम क्षणभर स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या. त्यांना माहीत होतं की चाक स्वच्छ आहे. त्यांनीच धुतलं होतं. त्यांनी हेल्मेट काढलं, खाली उतरल्या आणि मला म्हणाल्या, "जॅक द्या." मी म्हणालो, "मॅडम, फेरी जाईल." त्या म्हणाल्या, "जाऊ दे की. ते असे बसलेत आणि मी गाडी कशी काढू?"

बागायतदारांनी पुढचा नंबर पुकारला. आम्ही गाडी कडेला ढकलली. चाक काढलं आणि अप्पांच्या पुढ्यात आडवं ठेवलं.

आतली बाजू लख्ख होती. काल लावलेलं शिसं जिथल्या तिथे होतं, त्याच्या शेजारी पिवळ्या खडूचा ठिपका. अप्पांचा स्वतःचा ठिपका. आजूबाजूच्या सगळ्यांना हायसं वाटलं. कुणीतरी म्हणालं, "अप्पा, आहे की चकाचक," आणि दोघंतिघं हसलेसुद्धा. डॉक्टरांनी पाण्याची बाटली आणून दिली. फक्त अप्पा हसले नाहीत. त्यांनी आतून सगळीकडे हात फिरवला, बोटं डोळ्यांजवळ धरून पाहिली, पुन्हा फिरवला. माती सापडली असती तर बरं, असं त्यांना वाटत होतं. मला ते स्पष्ट दिसत होतं. माती सापडली असती तर त्यांनी एक माणूस वाचवला असता.

"धुतलेलं हाय," ते शेवटी म्हणाले. चाक परत लावायची वेळ आली तेव्हा त्यांनी पाना मॅडमच्या हातात दिला.

मी त्यांना माझ्या गाडीतून घरी सोडायला निघालो. वाटेत ते पुढच्या सीटवर दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून बसले होते. मी चाळीसच्या वर गेलो नाही. रेल्वेच्या पुलाखाली आल्यावर त्यांनी विचारलं, "अक्काची फेरी ग्येली?"

"हो," मी म्हणालो.

"माज्यामुळं."

"तसं नाही" असं म्हणता आलं असतं, पण त्या दिवशी त्यांच्याशी खोटं बोलवेना. घरी पोहोचल्यावर त्यांच्या बायकोला वाटलं शर्यत संपली, सगळे सुखरूप आले, म्हणून त्यांनी पान वाढायला घेतलं. अप्पा जेवले की नाही ते मला माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. पुण्याजवळ एक शर्यत होती, त्या उतरणार होत्या, चाकं करून घ्यायची होती. मी म्हणालो, "हायवेला नवीन दुकान झालंय, तिथे जाऊ." त्या म्हणाल्या, "नको, अप्पांकडे." त्यांच्या गाडीत शिकवण्याचं सामान होतं, म्हणून दोन चाकं त्यांच्या डिकीत आणि दोन माझ्या डिकीत घालून आम्ही गेलो.

शटर उघडं होतं. अप्पा एका रिक्षाचं पंक्चर काढत होते, आणि हात सराईतपणे चालत होते. आम्ही चाकं आत आणून ठेवली. त्यांनी वर पाहिलं, पंक्चरवर रबर दाबून धरलं आणि म्हणाले, "अक्का, ही हायवेला न्या. तितली पोरं चांगली हायत. मशीन नवं हाय."

"मला तुमच्याकडंच करायचीत," मॅडम म्हणाल्या.

"शर्यतीचं काम बंद केलंय मी."

"अप्पा, चाक बरोबर होतं. तुमच्या कामात चूक नव्हतीच."

"चाक बरूबर व्हतं. मी बरूबर नव्हतो."

मॅडम समोरच्या टायरवर बसल्या. घाबरलेल्या शिकाऊ बाईशी बोलावं तशा त्या सावकाश बोलायला लागल्या. "हे बघा. मशीन मला पुण्यात पण मिळतं, मुंबईत पण. पण नुसती शंका आली म्हणून सकाळच्या उन्हात रिक्षा करून येणारा आणि गाडीसमोर बसणारा माणूस कुठं मिळतोय? माझी फेरी गेली, गेली. मला त्याचं काही वाटत नाही. शंका आली की तुम्ही थांबवता, एवढं मला पुरे आहे. म्हणून आणलीत."

रिक्षावाला तोंड उघडं ठेवून ऐकत होता. अप्पांनी रबर सोडलं. हात पुसायला फडकं घेतलं आणि पुसत बसले, बोटं स्वच्छ झाली तरी पुसत बसले. बोलणं त्यांच्या मनाला भिडलं होतं. मला वाटलं, आता उठतील आणि बादली दाखवतील.

"आन् उद्या," अप्पा म्हणाले, "शंका यायचीच र्‍हायली तर?"

रिक्षावाल्यानं मान खाली घातली आणि आपलं चाक बघायला लागला.

मॅडम उठल्या आणि एक चाक उचललं. मी दुसरं उचललं. तिसरं अप्पांनी छातीशी धरून बाहेर आणलं आणि माझ्या डिकीत आडवं ठेवलं, मग चौथ्यासाठी आत गेले.